पंचा नेसलेला सांगाडा

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही. आज दुपारी वॉर्डात बातमी आली. वैद्यकातले इंग्रजी शब्द आपल्या भाषांत आणायला कुठलीशी समिती बसलीय, आणि त्यात पेल्व्हिसचे, म्हणजे कंबरेच्या हाडांचे आणि त्या हाडांच्या आत जे जे असतं त्याचे शब्द ठरवायला कुणाला घेतलंय? आमच्या अ‍ॅनाटमीच्या सरांना. मी हातातला थर्मामीटर खाली ठेवला. नर्सला वाटलं कुणी गेलं की काय.

कारण सांगते. या माणसानं आम्हाला पेल्व्हिस शिकवला आणि सबंध शिकवण्यात 'पेल्व्हिस' हा शब्द एकदासुद्धा तोंडातून काढला नाही.

नाव सांगत नाही. बेंगळुरात आपल्या जुन्या मराठी लोकांची घरं मोजकी. तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आलो असं सगळे सांगतात आणि आता सगळे कचेरीत खुर्चीवर बसतात. त्यातल्या एकाचं नाव घेतलं की संध्याकाळपर्यंत बसवनगुडीच्या टोकाला पोचतं. त्यातून सर आमच्याच गल्लीतले. त्यांची बायको आमची मामी, म्हणून घरी ते मामा, कॉलेजात सर. रस्त्यात समोरून आले की काय म्हणायचं हे मला कधी ठरवता आलं नाही, म्हणून मी पलीकडच्या बाजूनं जायची.

दिसायला कसे? गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, डोक्याला म्हैसुरी पेटा, आणि उन्हातान्हात हातात छत्री. ती छत्री ते कधी उघडायचे नाहीत. समोरून बाई आली की छत्री आडवी धरून खांब बघायचे, झाड बघायचे, काही नसलं तर आकाश बघायचे. सायकलवाले त्यांना चुकवायचे, ते सायकलवाल्यांना चुकवायचे नाहीत. आणि तोंडात सदा एकच वाक्य, 'स्वल्प मर्यादा', म्हणजे जरा मर्यादा पाळा. मुलं वर्गात हसली, स्वल्प मर्यादा. खिडकी जोरात आपटली, स्वल्प मर्यादा. एकदा डिसेक्शनच्या टेबलावरच्या प्रेतावरचं कापड वाऱ्यानं सरकलं, तेव्हा त्या प्रेतालाच म्हणाले.

आणि सांगाडा! प्रत्येक अ‍ॅनाटमीच्या वर्गात एक सांगाडा टांगलेला असतो, आमच्याही होता. आमचा पंचा नेसलेला होता. खरंच. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र, लाल काठाचा, व्यवस्थित कासोटा घातलेला. दर शनिवारी शिपाई तो सोडून धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा नेसवायचा. शिपाई म्हणायचा, माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नातसुद्धा मी इतक्या निगुतीनं कुणाला नेसवलं नाही. वरच्या वर्गातल्या मुलांनी एकदा त्या सांगाड्याच्या कवटीवर पेटा ठेवला. सर आले, बघितलं, आणि पेटा तसाच ठेवून शिकवायला लागले. मला तर वाटतं त्यांना ते आवडलं.

शिकवताना ते पंच्याच्या आत हात घालायचे आणि नजर छताला लावायचे. हाताला हाड लागलं की बोलायचे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस सांगाड्याच्या खिशात तपकिरीची डबी शोधतोय.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या बाकावर आम्ही चार मुली. सर आत आले, आम्हाला बघितलं, आणि खडू घेऊन फळ्यावर चक्क रेल्वेचा नकाशा काढला. म्हणाले, "उद्यापासून जो भाग आहे तो या पद्धतीनं होईल. समोर मुली बसल्यात." बस्स, एवढंच स्पष्टीकरण.

तर पद्धत अशी. तो सगळा भाग म्हणजे देवनहळ्ळीचा किल्ला. वरून खाली येणारी मोठी रक्तवाहिनी जिथं दोन फाट्यांत वाटली जाते ते यशवंतपूर जंक्शन. एक फाटा तुमकूरला गेला, म्हणजे पायात. दुसरा किल्ल्यात शिरला. किल्ल्याला वरचा दरवाजा, खालचा दरवाजा. समोर कमान. आत पुढच्या अंगाला तळं, म्हणजे लघवीची पिशवी. मागच्या अंगाला मागची गल्ली, ती कशाची ते तुम्ही ओळखा. आणि तळं आणि मागची गल्ली यांच्या मधोमध जे असतं, ज्यातून तुम्ही आणि मी आणि खुद्द सरही या जगात आलो, ते गर्भाशय म्हणजे पाहुण्यांची खोली.

मांडीचं हाड ज्या खळग्यात बसतं ते उखळ. माकडहाडाला तर त्यांनी माकडहाडसुद्धा म्हणू दिलं नाही, कारण माकड म्हटलं की शेपूट आलं आणि शेपूट म्हटलं की शेपूट कुठं असतं ते आलं. त्याला ते 'मारुती' म्हणायचे.

एका मुलानं पहिल्याच दिवशी उभं राहून सांगितलं, सर, देवनहळ्ळी उत्तरेला आहे, तुम्ही ती यशवंतपुराच्या खाली काढलीय. सर म्हणाले, नकाशा उलटा धर. मग तो मुलगा परीक्षेपर्यंत वर आणि खाली यांच्यात घोटाळा करत राहिला. पुढं तो सर्जन झालाय असं ऐकते. त्याच्या पेशंटांचं भलं होवो.

दोनच हाडांची खरी नावं सर घ्यायचे. एक सेक्रम, कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पवित्र. दुसरं म्हणजे कुल्ल्याचं ते मोठं पसरट हाड. त्याला पुस्तकात इनॉमिनेट म्हणतात, म्हणजे बिननावाचं. या नावावर सरांचा भारी जीव. म्हणायचे, ज्या कुणी हे नाव ठेवलं तो खरा सुसंस्कृत माणूस. आणि तिथल्या एका नसेच्या लॅटिन नावाचा अर्थच 'लाजण्याजोगी' असा आहे, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा. "बघा, रोमन लोकांनाही मर्यादा होती." नसेचं नाव काय ते मात्र सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग पुस्तकं नव्हती का? होती ना. लायब्ररीतल्या जाड पुस्तकात ते प्रकरण होतं आणि सरांनी त्या प्रकरणाची पानं पांढऱ्या दोऱ्यानं शिवून टाकली होती. गोधडीला घालतात तसे टाके. मुलांचं काही अडलं नाही. त्यांना होस्टेलात वरच्या वर्गातले सगळं सांगायचे, नको तेवढं सांगायचे. आम्हाला कोण सांगणार? मी आणि माझ्या मैत्रिणीनं मिळून एक जुनं पुस्तक घेतलं, ते मी घरी पाटाखाली ठेवून वाचायची. शब्द मला डोळ्यांनी सगळे यायचे. तोंडानं एकही यायचा नाही, कारण वर्गात चुकून खरा शब्द गेला की सर डस्टर आपटायचे आणि 'बस खाली' म्हणायचे, आणि यशवंतपूर म्हटलं की 'शाबास' म्हणायचे. सबंध वर्ष शाबास ऐकून माझी जीभ रुळांवरून धावायला लागली होती.

आणि मला नापास होणं परवडणारं नव्हतं, हे आधी सांगायला हवं होतं. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला मेडिकलला घातलं ते एका अटीवर. पहिल्या परीक्षेला पहिल्या खेपेला पास झालीस तर पुढं शीक, नाहीतर धारवाडचं स्थळ. धारवाडचं स्थळ म्हणजे एक वकील. माणूस वाईट नव्हता, पण दर महिन्या-दोन महिन्यांनी बेंगळुरात काहीतरी काम काढून आमच्याकडे यायचा आणि कॉफी पिता पिता अण्णांना विचारायचा की यंदा पेपर अवघड निघणार म्हणतात, खरं का. इतक्या आशेनं विचारायचा की मला पोहे त्याच्या डोक्यावर ओतावेसे वाटायचे. आई म्हणायची, सरी गो, बरं तर, परीक्षा झाली की बघू. सगळं परीक्षेवर लटकलेलं, आणि परीक्षेच्या तोंडीत पेल्व्हिस हमखास विचारतात.

मामीची गोष्ट मध्येच सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. मामी धुण्याच्या दगडाजवळ घसरून पडली आणि माकडहाडावर आपटली. बसता येईना. उभी राहायची नाहीतर पालथी पडायची. त्यात लग्नसराई. पंगतीत सगळ्या बायका बसलेल्या आणि ही खांबाला टेकून उभ्यानं जेवतेय. कुणीतरी मामांना विचारलं, यांना काय झालंय? आता या माणसानं काय सांगावं? अ‍ॅनाटमी शिकवतात, पगार त्याचाच घेतात. म्हणाले, तिनं व्रत घेतलंय. न बसण्याचं.

झालं. आपल्या बायकांना व्रत म्हटलं की पुरे. दुसऱ्या लग्नात बायका मामीच्या पाया पडायला लागल्या. तिसऱ्या लग्नात दोघी तिघी तिच्याबरोबर उभ्यानं जेवत होत्या. एकीनं तर उद्यापन कधी आणि त्याला वाण काय द्यायचं ते विचारलं. माझ्या आईनंही एक मंगळवार करून बघितला आणि तिचे गुडघे धरले. मी मामीला मलम द्यायला गेले तेव्हा ती खिडकीशी उभी राहून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "व्रत त्यांचं आणि दुखतंय मला." आणि निवडत राहिली. तिला डॉक्टरकडे नेलंच नाही, कारण नेलं तर डॉक्टर विचारणार कुठं दुखतंय. आपल्याकडच्या बायकांना गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकच अवयव, पोट. मामीचं दुखणं तर पोटातही बसवता येईना.

तर तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक मद्रासहून आलेले. गोरेपान, चष्मा, तोंडात पेपरमिंटची गोळी. त्यांच्या शेजारी आतले परीक्षक म्हणून आमचे सर, पेटा, कोट, छत्री खुर्चीला टांगलेली. टेबलावर ट्रेमध्ये हाडं. दाराबाहेर आम्ही सगळे ओळीनं. माझा नंबर आला, मी आत गेले, आणि मद्रासच्या सरांनी ट्रेमधून नेमकं ते पसरट हाड उचलून माझ्या हातात दिलं.

हे काय, म्हणून इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, इनॉमिनेट बोन. छान, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी खळग्यात बोट ठेवलं आणि विचारलं, हे? त्याचं नाव अ‍ॅसिटॅब्युलम. मला ते पान दिसत होतं, पानाच्या कोपऱ्यावरचा तेलाचा डागसुद्धा दिसत होता. आणि मी शुद्ध इंग्रजीत म्हटलं, ग्राइंडिंग स्टोन, सर.

त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. बरं, म्हणाले, वरून येणारी मोठी रोहिणी, म्हणजे ती रक्तवाहिनी, कुठं दुभागते? मी म्हटलं, यशवंतपूरला.

"रेल्वेचं यशवंतपूर?" ते म्हणाले. सकाळीच त्यांची गाडी तिथून आली असावी.

मला कळत होतं की थांबायला हवं. पण घसरगुंडीवर बसलेलं माणूस मध्येच थांबतं का? मी सांगितलं, हो सर, तिथून एक फाटा तुमकूरला जातो आणि दुसरा किल्ल्यात. कुठल्या किल्ल्यात? देवनहळ्ळीच्या. त्यांनी चष्मा काढला. किल्ल्यात काय काय आहे, म्हणून अगदी मऊ आवाजात विचारलं, वेड्याला विचारतात तसं. मी सगळं सांगितलं. पुढं तळं, मागं गल्ली, मध्ये पाहुण्यांची खोली, खोली पुढच्या बाजूला किंचित झुकलेली, तिला दोन्ही बाजूंनी दोरखंड. सगळं बरोबर होतं हो. एक चूक नव्हती त्यात.

त्यांनी मला पाणी हवं का विचारलं. मग कागदाकडे बघत म्हणाले की तब्येत बरी दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा ये. म्हणजे नापास.

माझ्या डोळ्यांसमोर तो वकील कॉफीचा पेला खाली ठेवताना दिसला. मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. त्या खोलीत माझ्याखेरीज तोच एक माणूस होता ज्याला माहीत होतं की माझं उत्तर पूर्ण बरोबर आहे. आणि ते सांगायचं तर ते सगळे शब्द एकामागून एक मोठ्यानं म्हणायला लागणार होते. माझ्या समोर.

मद्रासच्या सरांना मराठी येत नव्हतं. मी मराठीत म्हटलं, आणि कॉलेजात पहिल्यांदाच सर न म्हणता म्हटलं, "मामा, सांगा ना त्यांना. तुम्हीच शिकवलंत."

त्यांनी गळ्याजवळचं बटण चाचपून बघितलं. मग म्हणाले, "स्वल्प बाहेर थांब."

मी बाहेर गेले. सर स्वतः उठून आले आणि दार लावलं. नुसतं लोटलं नाही, आतून कडी घातली.

आणि मग ऐकायला आलं. मी दाराला कान लावला नव्हता, त्याची गरजच नव्हती. सरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्गात ते खाकरत, अडखळत, छताला सांगत बोलायचे. इथं खणखणीत. इलियम, इस्कियम, प्युबिस, त्या पसरट हाडाचे तिन्ही भाग. रोहिणी कुठं दुभागते, कुठल्या मणक्यासमोर, तिच्या पुढून काय जातं. युटेरस, म्हणजे गर्भाशय, कसं झुकलेलं असतं, का झुकलेलं असतं, बाळंतपणात त्याचं काय होतं, बाळाचं डोकं वरच्या दरवाजातून येताना कसं वळतं आणि खालच्या दरवाजातून जाताना कसं वळतं. आणि प्रत्येकाला जोडून, तिनं यशवंतपूर म्हटलं ते हे, तिनं खोली म्हटलं ते हे, बरोबर आहे, हेही बरोबर आहे. मद्रासचे सर मध्येच प्रश्न विचारायचे, तर सर हसून उत्तर द्यायचे. हसून! ती लाजण्याजोगी नससुद्धा आली, नावासकट, कुठून निघते, कुठं जाते, अडली तर बाईला काय त्रास होतो. मुलं ओळीत उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे बघत होते आणि ओठ हलवत होते, त्यांच्या मागोमाग, एकेक शब्द. इतकं सुंदर कुणी मला आजवर शिकवलेलं नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही.

म्हणजे या माणसाला सगळं येत होतं. नुसतं येत नव्हतं, त्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. मला इतके दिवस वाटायचं की ते लाजतात. लाजत बिजत काही नव्हते. दारापलीकडे नुसता पुरुष बसला असला की जीभ अशी सुटायची. ते सगळं माझ्या आत होतं, मामीच्या आत होतं, माझ्या आईच्या आत होतं, आणि ते बोललं जात असताना बाहेर थांबायचं होतं ते फक्त आम्ही.

दार उघडलं. सरांचा चेहरा घामानं डबडबलेला. मला म्हणाले, "झालं. जा. पास आहेस." माझ्याकडे न बघता व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि तिथल्या नळावर त्यांनी चूळ भरली. एकदा नाही, खळखळून, पुन्हा पुन्हा, उष्टं तोंड धुतात तशी. मग रुमालानं ओठ पुसले, पेटा सारखा केला, आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. त्या मुलाच्या वेळी दार उघडंच राहिलं.

मी घरी जाऊन अण्णांना सांगितलं, पास. अण्णा म्हणाले, काय काय विचारलं? मी म्हटलं, विचारलं मला आणि सांगितलं मामांनी. अण्णांना वाटलं मी नम्रपणे बोलतेय. संध्याकाळी मला घेऊन मामांच्या घरी गेले आणि त्यांना नमस्कार करायला लावला. मी केला. मामा खांबाकडे बघत होते.

आता तुम्ही सांगा, बायांनो खास करून तुम्ही. तुमच्याच अंगातलं, तुमच्याच बद्दलचं काहीतरी दुसऱ्या कुणाला नीट समजावून सांगितलं जातंय, आणि तुम्ही त्या वेळी बंद दाराच्या बाहेर उभ्या आहात, असं तुमचं कधी झालंय का? आणि झालं असेल तर तुम्ही काय केलंत, दार वाजवलंत, की माझ्यासारखे नुसते ओठ हलवलेत?